लहान मुलांचा संधिवात: खेड्यातल्या आईबापांनी काय पाहायचं, कुठे जायचं

संधिवात म्हाताऱ्यांनाच होतो, असं आपल्याकडे घरोघरी धरून चालतात. त्यामुळे चार वर्षांचं लेकरू सकाळी लंगडायला लागलं की पहिला प्रश्न येतो, “कुठं पडली का गं?” लेकरं रोजच कुठे ना कुठे पडतात. एखादं पडणं आठवतंच, आणि मग सगळा उपचार त्या पडण्यावर होत राहतो: हळद-तेल, क्रेप बँडेज, हाड बसवणाऱ्याकडे चक्कर, गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन. सांधा मात्र आतून सुजलेलाच राहतो.

माझ्या मुलीला हा आजार आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, शेती करतो. आज ती सायकलने शाळेत जाते. निदान होईपर्यंत आणि त्यानंतरही आम्हाला जे जे विचारत, शोधत जावं लागलं, ते दुसऱ्या आईबापांना एका जागी मिळावं म्हणून हे लिहिते आहे. औषध कोणतं आणि किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यापर्यंत लवकर कसं पोचायचं आणि घरी आल्यावर काय सांभाळायचं, ते मी सांगते.

१. आजार काय आहे ते आधी समजून घ्या

अंगातली जी ताकद जंतूंशी लढते, तीच स्वतःच्या सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, सांध्यात पाणी साचतं, सांधा गरम लागतो आणि आखडतो. वयाच्या १६ वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान ६ आठवडे टिकलेली आणि दुसरं कुठलंच कारण न सापडलेली अशी सूज असेल, तर डॉक्टर तिला ‘जेआयए’ म्हणतात. पूर्ण नाव ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. केसपेपरवर हीच तीन अक्षरं दिसतील.

याचे प्रकार आहेत. पहिल्या ६ महिन्यांत चार किंवा त्याहून कमी सांधे धरले तर एक प्रकार. हा लहान मुलींमध्ये जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा गुडघ्यापासून सुरू होतो. पाच किंवा जास्त सांधे धरले तर दुसरा. तिसऱ्यात सांध्यांच्या आधी ताप येतो. थोड्या मोठ्या मुलग्यांमध्ये टाच, कंबर आणि पायाचे सांधे दुखणारा एक वेगळाच प्रकार असतो. आपल्या लेकराचा प्रकार कोणता, हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा, कारण औषध आणि डोळ्यांच्या तपासणीचं वेळापत्रक त्यावर ठरतं.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना ऐकवा. हा आजार थंड पाण्याने होत नाही, आंबट खाल्ल्याने होत नाही, पोटुशी असताना आईने काही खाल्लं म्हणून होत नाही, कुणाची नजर लागून होत नाही. एका लेकराचा दुसऱ्याला लागतही नाही. आमच्याकडे अशा वेळी बोट आईकडेच वळतं, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

२. लेकराची सकाळ पाहा आणि मोबाइलमध्ये टिपा

या सगळ्या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. डॉक्टरांजवळ यंत्रं असतात, पण लेकरू झोपेतून उठतं तेव्हा ते तिथे नसतात. या आजारात सांधे सकाळी सगळ्यात जास्त आखडलेले असतात. लेकरू खाटेवरून उतरायला मागत नाही, भिंत धरून चालतं, टाच टेकवत नाही, संडासला बसायचं म्हटलं की रडतं. तासाभराने हालचाल झाली की तेच लेकरू अंगणात पळतं. दुपारी ओपीडीत डॉक्टरांसमोर चालवलं तर कधी कधी लंगडणं दिसतच नाही, आणि “काही नाही, बरं आहे” असं ऐकून आपण परत येतो.

म्हणून निदान आठवडाभर रोज सकाळी उठल्या उठल्या अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. चड्डी घातलेली असावी म्हणजे दोन्ही गुडघे दिसतील. समोरून चालताना, पाठीमागून चालताना, आणि उकिडवं बसून उठताना. सुजलेला आणि बरा असे दोन्ही गुडघे शेजारी ठेवून फोटो काढा. सूज बारीक असते तेव्हा गुडघ्याच्या वाटीच्या बाजूची खळगी भरून गेलेली दिसते. दोन्ही पायांत फरक शोधा.

सोबत वहीत लिहा: कधीपासून, कोणता सांधा, सकाळी किती वेळ आखडलेला, ताप किती वाजता आणि किती, अंगावर पुरळ आली का, रात्री दुखण्याने जाग येते का.

फार लहान लेकरू ‘दुखतं’ असं सांगत नाही. ते चालायला शिकलेलं असून पुन्हा कडेवर घे म्हणतं, किंवा रांगायला लागतं. थोडी मोठी मुलं पेन्सिल वेगळीच धरतात, बाटलीचं झाकण उघडत नाहीत, भाकर चावायला कंटाळतात. जबड्याचा सांधाही धरला जातो हे फार कमी लोकांना माहीत आहे. तोंड पूर्ण उघडतं का, तेही पाहा.

३. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी निघा

- एकच सांधा एकाएकी लाल, गरम, फुगलेला, सोबत ताप, आणि लेकरू त्या पायावर भारच देत नाही. हा सांध्यात पू झाल्याचा प्रकार असू शकतो. यात काही दिवसांतच सांधा कायमचा खराब होतो.
- रंग पांढराफटक, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, रात्री ओरडून उठावं इतकं हाड दुखणं.
- आधीपासून ताप-पुरळाचा प्रकार असलेल्या लेकराचा ताप उतरेनासा झाला, ते सुस्त पडलं किंवा कुठून रक्त येऊ लागलं.
- डोळा लाल, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतं.

१०८ ला फोन करा. सकाळच्या गाडीची वाट पाहू नका.

४. आपल्या भागात गल्लत कशाकशाशी होते

‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देणं हे सगळ्यात जास्त घडतं. वाढीचं दुखणं खरंच असतं, पण ते संध्याकाळी किंवा रात्री येतं, दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्यांत असतं, चोळलं की बरं वाटतं आणि सकाळी लेकरू उड्या मारतं. सूज नसते, लंगडणं नसतं. सकाळी लंगडतं आणि सांधा सुजलेला आहे, तर ते वाढीचं दुखणं नव्हे.

सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत हा आजार आहे आणि त्यातही हातपाय ठणकतात, लहान बाळांच्या हातापायांचे पंजे सुजतात. रक्ताची तपासणी झालेली नसेल तर आधी ती करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली चाचणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली तर पक्कं करायला पुढची तपासणी करतात. इथे दोन्ही बाजूंनी घोळ होतो. ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असलेल्या लेकराचं प्रत्येक दुखणं सिकलसेलचंच समजलं जातं आणि महिनोन्महिने सुजलेल्या गुडघ्याकडे कुणी वेगळं पाहत नाही. दुसरीकडे फक्त ‘एएस’, म्हणजे वाहक, असलेल्या लेकराच्या सुजेचं कारण सिकलसेलवर ढकलून मोकळं होतात. वाहक असण्याने सांधा सहा आठवडे सुजून राहत नाही. हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

टीबी सांध्यातही होतो, बहुतेकदा एकाच सांध्यात. घरात कुणाला टीबी झाला असेल तर लपवू नका, कारण पुढच्या औषधांची निवडही त्यावर अवलंबून आहे.

घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या हृदयसंधिवातात दुखणं फिरतं असतं. आज गुडघा, दोन दिवसांनी घोटा, मग कोपर, आणि मागचा सांधा बरा होत जातो. त्यात हृदयाच्या झडपांना धोका असतो आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. पण केवळ रक्तात ‘एएसओ’ (घशाच्या संसर्गाची खूण दाखवणारी तपासणी) वाढलेला आहे म्हणून हा आजार ठरत नाही. शाळकरी मुलांमध्ये साध्या घसादुखीनंतरही तो वाढलेला सापडतो. एका कागदावरून इंजेक्शनं सुरू होत असतील तर हृदयाची इको तपासणी झाली का, हे विचारा.

तापाच्या प्रकाराला आपल्याकडे आधी टायफॉइड, मग मलेरिया समजतात. त्या तपासण्या करायलाच हव्यात. पण दोन आठवडे रोज एकदा-दोनदा ताप चढून आपोआप उतरतो आहे, ताप चढला की अंगावर फिकट गुलाबी ठिपके उमटतात आणि उतरला की जातात, असं दिसलं तर ते ठिपके फोटोत पकडा. ओपीडीत ताप नसेल तर ठिपकेही नसतील.

आणि रक्ताचा कॅन्सर. तो क्वचित असतो, पण सांधेदुखीने सुरू होऊ शकतो. म्हणूनच निदान होण्याआधी स्टेरॉइड घेऊ नये. स्टेरॉइडने दोन दिवसांत लेकरू हसायला लागतं आणि आतला आजार झाकला जातो. बिना नावाच्या पुड्या, ‘वाताची’ काळी गोळी, बाजाराच्या दिवशी तंबू टाकून बसणाऱ्यांची औषधं यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. ती देऊ नका. सांध्यावर डाग देणं तर कधीच नको.

५. कुठे जायचं

गावात आशाताईंना सांगा. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका आणि व्हिडिओ त्यांना दाखवा. ते पुढे पाठवण्याची चिठ्ठी देऊ शकतात.

त्यानंतर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ. तिथे प्राथमिक रक्त-तपासणी होते. सूज सहा आठवड्यांपुढे गेली असेल तर तिथे फेऱ्या मारत राहू नका, मोठ्या ठिकाणी रेफर करून मागा. आपल्या पट्ट्यात यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं रुग्णालय आहे, नागपूरला मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स आहे. कुठेही गेलात तरी केसपेपर बालरोग विभागाचा काढा. नुसतं “पाय दुखतो” म्हटलं की खिडकीवरून हाडांच्या ओपीडीत पाठवतात आणि अर्धा दिवस तिथेच जातो. “लहान मुलाचा सांधा सहा आठवड्यांपासून सुजला आहे, संधिवाताची शंका आहे” असं सांगा. बालरोग विभागात विचारा की मुलांचे सांधेरोग पाहणारे डॉक्टर कोण, आणि त्यांचा वार कोणता. वार कळला की पुढच्या फेऱ्या वाया जात नाहीत.

६. पिशवीत काय काय हवं

- लेकराचं आधार कार्ड. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे द्यावे लागतात. ते राहिले असतील तर आधी करून घ्या.
- रेशन कार्ड, आणि त्यावर लेकराचं नाव. बहुतेक घरं इथेच अडकतात. नाव चढवलेलंच नसतं, किंवा आधारवर एक स्पेलिंग आणि कार्डावर दुसरं असतं. तहसीलमधल्या पुरवठा शाखेत हे काम आजार असो-नसो करून ठेवा.
- जन्माचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड.
- आधीचे सगळे केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले.
- घेतलेल्या प्रत्येक औषधाची रिकामी पट्टी किंवा बाटली, पुडी घेतली असेल तर तीही.
- ती वही, आणि चार्ज केलेला मोबाइल.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र मोठ्या रुग्णालयात बसलेला असतो. ही योजना प्रामुख्याने भरती होऊन घ्यायच्या, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहे. म्हणून भरती करायचं ठरताच, बिल व्हायच्या आधी त्याला भेटा.

७. रिपोर्ट हातात आल्यावर

आरए फॅक्टर (मोठ्यांच्या संधिवातासाठी करतात ती रक्ताची तपासणी) निगेटिव्ह आला म्हणजे संधिवात नाही, असं मोठ्यांकडे पाहून लोक सांगतात. मुलांमध्ये तो बहुतेक वेळा निगेटिव्हच असतो. अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या नॉर्मल असूनही एखादा गुडघा सुजलेला असू शकतो. सुरुवातीचा एक्स-रेही साफ असतो. हा आजार डॉक्टर सांधे हाताने तपासून आणि बाकीची कारणं वगळून ठरवतात, म्हणून तर तुमची वही आणि व्हिडिओ रिपोर्टाइतकेच महत्त्वाचे. ‘एएनए’ नावाची रक्ताची तपासणी मात्र नीट लक्षात ठेवा. ती पॉझिटिव्ह असेल तर पुढचा मुद्दा दुप्पट काळजीने वाचा.

८. डोळे: काही होत नसलं तरी

या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. लहान मुलांमध्ये तेव्हा डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. लेकराला काही कळत नाही, आईला काही दिसत नाही, आणि नजर जात राहते. गुडघा पूर्ण बरा असतानाही हे होतं. नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्प या यंत्राने तपासतात तेव्हाच ते सापडतं. ज्यांना धोका जास्त, म्हणजे कमी सांधे, लहान वय, एएनए पॉझिटिव्ह, त्यांची तपासणी सुरुवातीची काही वर्षं दर तीन महिन्यांनी करावी लागते. चष्म्याच्या दुकानातली किंवा शिबिरातली अक्षरं वाचायची तपासणी यासाठी चालत नाही. सांध्यांची तारीख आणि डोळ्यांची तारीख एकाच दिवशी मागून घ्या. एसटीचं भाडं आणि मजुरीचा दिवस वाचतो.

९. औषधं

सुरुवात बहुतेकदा नॅप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेनने होते. ती जेवणानंतरच द्यायची. आपल्या उन्हाळ्यात लेकराला हगवण-उलटी लागली, पाणी पोटात टिकत नसलं, तर या गोळ्यांनी किडनीवर ताण येतो. गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना विचारा. एक-दोन सांधे असतील तर सांध्यात इंजेक्शन देतात. त्याची भीती वाटते, पण त्याने पुष्कळ मुलांचा सांधा कितीतरी महिने मोकळा राहतो.

मेथोट्रेक्सेट, म्हणजे आजार दाबून ठेवणारी गोळी. याबद्दल थोडं थांबून वाचा. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज दिली गेली तर तोंडात फोड येतात, रक्त बनणं थांबतं, जीव जाऊ शकतो. वार ठरवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा, आणि गोळी देणारं माणूस घरात एकच ठेवा. डबा उंच जागी ठेवा. औषध दुकानदाराने सवयीने ‘रोज एक’ लिहून दिलं तर ते खोडायला लावा. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी असते, ती कोणत्या दिवशी द्यायची ते डॉक्टर सांगतील. दोन्ही गोळ्या पिवळसर आणि छोट्या असू शकतात, म्हणून डबे वेगळे हवेत. घरात कुणी पोटुशी असेल तर तिने ही गोळी हाताळू नये. मुलगी मोठी होऊन लग्न झालं तर मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक आहे.

या गोळीचा गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. याच काळात बरेच जण ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात. आणि गुण आला की ‘आता बरी झाली’ म्हणून सोडतात. लेकरू पळतंय ते औषध चालू आहे म्हणून पळतंय. कधी कमी करायचं ते डॉक्टर ठरवतील; बऱ्याच मुलांचं औषध पुढे बंदही होतं. दरम्यान रक्त आणि यकृताच्या तपासण्या सांगितलेल्या तारखेला करा. कांजिण्या झालेल्या मुलाच्या सहवासात आलं तर लगेच कळवा. लस देण्याआधी नर्सताईंना औषधाचं नाव सांगा, कारण काही जिवंत लसी या काळात देत नाहीत. बाकीच्या मात्र वेळेवर द्यायच्या.

स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर एकदम बंद करू नका. ज्यांना बायोलॉजिकल (सूज आणणारी अंगातली ठरावीक गोष्ट रोखणारं) इंजेक्शन सांगितलं, त्यांची आधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. ही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. लोडशेडिंगच्या गावात घरच्या फ्रिजचा भरवसा नसेल तर आरोग्य केंद्रात ठेवता येईल का, ते आधी बोलून घ्या.

१०. घरी

झोपवून ठेवू नका. सांधा वापरला नाही तर तो त्याच स्थितीत आखडतो आणि मांडी बारीक होते. सकाळी कोमट पाण्याने अंघोळ, मग फिजिओथेरपीवाल्यांनी दाखवलेले व्यायाम, मग खेळू द्या. सायकल उत्तम. रात्री आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी देऊ नका. गुडघा वाकलेलाच राहायला लागतो. एका गुडघ्याला सूज राहिली तर तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब वाढू शकतो, म्हणून अधूनमधून दोन्ही पायांची लांबी मोजून घ्या. उकिडवं बसता येत नसेल तर संडासात मधोमध भोक पाडलेली खुर्ची ठेवली तरी काम भागतं.

जेवणात काहीही तोडू नका. वांगं, तूर, हरभरा, दही, चिंच, भात यांना ‘वातूळ’ म्हणून बंद करतात आणि आधीच भूक मेलेलं लेकरू आणखी वाळतं. वरण, भाकर, अंडी, दूध, शेंगदाणे, हिरवी भाजी सगळं द्या.

११. शाळा

वर्गशिक्षकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्या: सकाळी उशीर होऊ शकतो, एका जागी तास-तास बसवू नये, मधे उठून चालू द्यावं, पीटीत जमेल तेवढं करू द्यावं. लिहिण्याची बोटं धरली असतील तर परीक्षेत जादा वेळाची सोय दिव्यांग प्रमाणपत्रावर मिळू शकते. प्रमाणपत्राच्या सवलतींसाठी साधारणपणे ४० टक्के अपंगत्व लागतं, आणि ते ठरतं हालचालीवर किती बंधन आलं यावरून, आजाराच्या नावावरून नव्हे. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी) संकेतस्थळावर, तपासणी जिल्हा रुग्णालयात.

१२. पावसाळ्याच्या आधी

पेरणीच्या घाईत तारखा चुकतात आणि नाल्यांना पूर आला की रस्तेही बंद होतात. गडचिरोलीत भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की अख्खा भाग तुटतो. आपल्याकडेही एखादा नाला दोन-दोन दिवस उतरू देत नाही. मे महिन्याच्या फेरीलाच डॉक्टरांना हे सांगा आणि पुढच्या महिनाभराचं औषध लिहून मागा. गोळ्या प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, ओल लागणार नाही अशा जागी. रक्ताची तपासणी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात करून रिपोर्टचा फोटो पाठवला तर चालेल का, हेही विचारून ठेवा. केसपेपरच्या शेवटच्या पानाचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये असू द्या, म्हणजे तुम्ही शेतात असताना लेकराला घेऊन दुसऱ्या कुणाला निघावं लागलं तरी अडणार नाही.